दोन कान, एक घड्याळ

मनमाड जंक्शनच्या लांबलचक फलाटावर गाडीची वाट पाहत उभे राहिले, की एक अनुभव हमखास येतो. घोषणा सुरू होते. डोक्यावरच्या कर्ण्यातून गाडीचे नाव ऐकू येते न येते, तोच लांबच्या कर्ण्यातून तेच शब्द पुन्हा येतात आणि फलाटाचा नेमका आकडा त्या कालव्यात बुडून जातो. मग शेवटी चहावाल्यालाच विचारावे लागते.

यात घोषणा करणाऱ्याचा काही दोष नसतो. तारेतून येणारा संदेश सगळ्या कर्ण्यांपर्यंत जवळजवळ एकाच क्षणी पोचतो. हवेतून येणारा आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरच चालतो. एक कर्णा आपल्यापासून १० मीटरवर आणि दुसरा ७८ मीटरवर असेल, तर दुसऱ्याचा आवाज सेकंदाचा पाचवा हिस्सा उशिरा येतो. एवढासा उशीर, पण साऱ्या वाक्याचा विचका करायला तो पुरतो.

आता त्याच फलाटावर बाकावर बसलेली दोन मुले पाहा. एकाच मोबाइलवर सिनेमा लावलेला आहे. डावा इअरफोन थोरल्याच्या कानात, उजवा धाकट्याच्या. मध्ये वायर नाही. तरीही विनोद झाला की दोघे एकदमच हसतात. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, पण या एकदम हसण्यामागे बरीच खटपट आहे.

वायरचे इअरफोन होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. एकाच उपकरणातून दोन तारा निघत आणि दोन्ही कानांत आवाज बरोबरीने पोचे. वायर गेली आणि दोन्ही कानांतले बोंडूक सुटे झाले. प्रत्येकात स्वतःची बॅटरी, स्वतःचा रेडिओ आणि स्वतःचे घड्याळ आले. खरी अडचण या घड्याळांची आहे.

हे घड्याळ म्हणजे क्वार्ट्‌झचा एक बारीक स्फटिक. त्याच्या कंपनांवरून आवाजाचा कोणता तुकडा केव्हा वाजवायचा ते ठरते. पण कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत वीस भाग एवढा फरक या व्यवहारात किरकोळच समजला जातो. पाच मिनिटांच्या गाण्यात त्यामुळे सेकंदाच्या सहा सहस्रांशांची तफावत पडते. तीन तासांच्या सिनेमात ती सेकंदाच्या पाचव्या हिश्शावर जाते. म्हणजे दोन्ही घड्याळांना मोकळे सोडले, तर सिनेमा संपेपर्यंत त्या दोन मुलांमध्ये मनमाडच्या फलाटावरचा तोच घोळ उभा राहील!

एकाच माणसाच्या दोन कानांत इअरफोन असतील, तर मामला आणखी नाजूक होतो. पाठीमागून कोणी हाक मारली तर ती डावीकडून आली की उजवीकडून, हे आपण न पाहता ओळखतो. आवाज जवळच्या कानाला आधी आणि लांबच्या कानाला किंचित नंतर पोचतो, त्यावरून मेंदू हा हिशेब करतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि कसलेला कान सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकही टिपू शकतो. म्हणून एक इअरफोन जरासा मागे पडला, की प्रतिध्वनी ऐकू येण्याच्या कितीतरी आधी मधोमध वाटणारा गायक एका बाजूला सरकू लागतो.

शिवाय रेडिओलहरींची वाटही सरळ नाही. ब्लूटूथच्या लहरी शरीरातल्या पाण्यात बऱ्याच अंशी विरून जातात. मोबाइल उजव्या खिशात असला, तर डाव्या कानापर्यंतच्या वाटेत आपलेच शरीर आडवे येते. काही तुकडे उशिरा पोचतात, काही हरवतात आणि पुन्हा पाठवावे लागतात.

मग मेळ बसतो कसा? मनमाडकरांना हे उत्तर समजायला सोपे आहे. या गावाने जोडगाड्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. मराठवाड्याकडची मीटरगेज इथे येऊन मिळे आणि मुंबईकडे जाणारी मंडळी सामानसुमान घेऊन ब्रॉडगेजच्या गाडीत चढत. कोणी धावत येई, कोणी रमतगमत. पण गाडी सुटे ती ठरल्या वेळेला. इअरफोनमध्ये नेमके हेच होते. आवाजाचे तुकडे येतील तसे वाजवले जात नाहीत. ते थोडा वेळ साठवून ठेवले जातात आणि ‘अमक्या क्षणी वाजवा’ असा हुकूम दोन्हीकडे गेलेला असतो. जो लवकर आला तो थांबतो. फारच उशीर झालेला तुकडा मागे राहतो. ऐकताना मध्येच जी खरखर होते किंवा आवाज तुटतो, तो हाच चुकलेला प्रवासी.

पण ‘अमका क्षण’ ठरवायचा कोणाच्या घड्याळाने? रेल्वेलाही एकेकाळी हाच प्रश्न पडला होता. गाड्या मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तरी मुंबईने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. इअरफोन एवढे हट्टी नसतात. रेडिओच्या ठोक्यांवरून ते वरचेवर ताळा पाहतात आणि ज्याचे घड्याळ पुढे धावते तो आपला वेग कानाला कळणार नाही इतका कमी करतो.

ब्लूटूथची जुनी पद्धत मुळात एकाकडून एकालाच आवाज पाठवणारी होती. त्यामुळे कारखानदारांनी आपापल्या युक्त्या लढवल्या. कोणी एका कानातून दुसऱ्याकडे आवाज पुढे धाडला, तर कोणी दुसऱ्या कानाला पहिल्याचे संभाषण चोरून ऐकायला शिकवले. २०२० साली जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत, दोन्ही कानांना स्वतंत्र आवाज पाठवून तो एकाच क्षणी वाजवण्याची सोय मुळातच आहे. तिच्यात एकाच ठिकाणाहून कितीही जणांना आवाज प्रसारित करता येतो. २०२२ मध्ये या सोयीला ‘ऑराकास्ट’ असे नाव मिळाले.

तिचा खरा उपयोग गाण्यांपलीकडे आहे. ज्या घरात आजोबांना कमी ऐकू येते, तिथली संध्याकाळ आठवून पाहा. टीव्हीचा आवाज वाढवावा तर नातीचा अभ्यास होत नाही. कमी करावा तर आजोबा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत बसतात. सगळे हसले की ते विचारतात, ‘काय म्हणाला?’ आणि कोणीतरी म्हणते, ‘काही नाही हो, आजोबा.’ बहिरेपणापेक्षा हे ‘काही नाही’च माणसाला अधिक एकटे पाडते.

टीव्हीचा आवाज थेट आजोबांच्या श्रवणयंत्रात पोचवता येतो. मात्र तो उशिरा पोचून चालत नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्शापासून पाव सेकंदापर्यंतचा उशीर सहज होतो. तेवढ्याने पडद्यावरचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. शिवाय खोलीतला आवाजही थोडाफार कानावर येत असला, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि मग आजोबा वैतागून यंत्र काढून ठेवतात. उशीर कमी आणि सगळ्यांना सारखा असेल, तरच विनोद त्यांच्यापर्यंत इतरांच्या बरोबर पोचेल. उद्या अशीच सोय फलाटावर झाली, तर कमी ऐकू येणाऱ्या प्रवाशालाही गाडीची घोषणा थेट कानात मिळेल. त्याला ती चहावाल्याकडून घ्यावी लागणार नाही.

एवढी मोठी खटपट, पण तिचे मर्म साधे आहे. जो आधी पोचला त्याने क्षणभर थांबायचे. घरातही एवढे जमले, तर आजोबांच्या ‘काय म्हणाला?’ला पुन्हा एकदा, नीट उत्तर मिळेल.