'इतर खर्च' नावाची ओळ

सांगोल्यातल्या डाळिंब निर्यातदाराची फाईल हातात आली की मी आधी परदेशातल्या एजंटाचं बिल काढतो. भाडं, शीतगृह, बंदराचं शुल्क पावत्यांशी जुळतं. तळाशी 'इतर खर्च' असतो, त्याला पावती नसते. विचारलं की मालक म्हणतात, "साहेब, तिकडं द्यावंच लागतं, नाहीतर माल सडतोय."

ते खोटं बोलत नाहीत. तेल्या रोगाशी झुंजून आणलेला भगवा डाळिंबाचा माल कंटेनरमध्ये अडकला की वर्षाची मेहनत पाण्यात जाते. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धच्या अमेरिकेच्या १९७७च्या कायद्याने ही अडचण ओळखलीही आहे. नाशवंत माल खराब होऊ नये म्हणून नेहमीचंच काम लवकर करून घ्यायला दिलेली रक्कम त्यात लाच ठरत नाही. पण कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाच्या चाचणीत नापास झालेला माल पास करून घेतला, तर ही सवलत संपली. धंदा बुडेल एवढी भीतीही बचाव ठरत नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

ब्रिटनच्या २०१०च्या लाचविरोधी कायद्यात तर ही सवलतच नाही. तिथे धंद्याचा काही भाग करणारी कंपनी, मग ती सांगोल्यात नोंदलेली का असेना, त्याच्या कक्षेत येते. बचाव एकच: लाच रोखायची पुरेशी व्यवस्था आमच्याकडे होती, आणि ते कंपनीनेच सिद्ध करायचं. २०१८मध्ये लंडनच्या स्कॅन्सन इंटिरियर्सने सांगून पाहिलं की आम्ही जेमतेम तीस माणसं, लेखी नियम कशाला हवेत? लाच देशातलीच होती, पण बचाव हाच. ज्यूरीने तो मानला नाही.

आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही २०१८पासून कंपन्यांना हा बचाव आहे, मात्र तो कायदा भारतीय लोकसेवकांपुरता. परदेशी अधिकाऱ्यांच्या लाचेवरचं २०११चं विधेयक बारगळलं. म्हणून अनेकांना वाटतं, आपल्याला कोण विचारतंय? पण लुई बर्जर कंपनीने २०१५मध्ये अमेरिकेत लाचखोरीची कबुली देऊन १.७१ कोटी डॉलर दंड मान्य केला, त्यात गोव्यातला पाणीप्रकल्पही होता. अमेरिकेच्या लेखी आपले गोव्याचे अधिकारी 'परदेशी' होते.

बचाव उभा राहतो तो बिल आलं त्या दिवशीच्या कागदावर. वकील नंतर येतो. तेव्हा हंगामाआधी एजंटाशी लेखी करार करा, आणि पावतीविना 'इतर खर्च' दिसला की बिल परत पाठवा.