बळी आणि बलिदान

प्रयोगशाळेत मेलेल्या कुत्र्यांविषयी लिहिताना 'बलिदान' हा शब्द सर्रास योजिला जातो. आम्हांस तो खटकतो.

इव्हान पाव्हलॉव्ह हे रशियातील एका धर्मगुरूचे पुत्र. र्‍याझानची सेमिनरी सोडून ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले आणि पचनावरील संशोधनासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी कापून तिची तोंडे बाहेर त्वचेला शिवीत. जठरालाही बाहेरून नळी बसवीत. कुत्रा आवडीने खाई, घास मानेतूनच खाली पडे, तरीही जठररस वाहू लागे. जठराला आज्ञा मज्जातंतूंकरवी पोहोचते, हे त्यावरून सिद्ध झाले. (हा रस अपचनावरील औषध म्हणून विकलाही जाई!) कुत्री बरी होऊन दीर्घकाळ जगावीत म्हणून शस्त्रक्रियेतील निर्जंतुकतेबाबत पाव्हलॉव्ह अत्यंत दक्ष असत.

परंतु बलिदान स्वेच्छेने होते. ख्रिस्ताने आपला प्राण आपण होऊन दिला; कुत्र्याला कोणी विचारले नव्हते. प्रयोग अटळ होता असे मानले, तरी जे घेतले त्याला दिलेले कसे म्हणावे?

१९३५ साली लेनिनग्राड, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्ग, येथील प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारले गेले. ती सूचना पाव्हलॉव्ह यांचीच होती, एवढे त्यांच्या बाजूने नोंदविणे आम्हांस प्राप्त आहे.