शेवटचा भाग आणि प्रेक्षकांचे देणे

गोष्ट सांगणारा हा गोष्ट ऐकणाऱ्याचे काही देणे लागतो. एका रात्रीत संपणारी गोष्ट असेल, तर हे देणे थोडके असते. परंतु तीच गोष्ट वर्षानुवर्षे चालू राहिली, ऐकायला बसलेली पोरे मोठी झाली, त्यांची पोरे शेजारी येऊन बसली, म्हणजे देण्याची बाकी वाढत जाते. मग एके दिवशी सांगणारा म्हणतो, "झाली बरं का गोष्ट!" आणि ऐकणारे मनातली वही उघडून बघतात, काय फिटले नि काय राहिले.

असा एक हिशेब सन २०२५ च्या मे महिन्यात जगभरच्या चित्रपटगृहांतून झाला. ‘मिशन: इम्पॉसिबल’, म्हणजे ‘अशक्य कामगिरी’, या नावाची अमेरिकन हेरपटांची एक मालिका आहे. तिच्यातला आठवा चित्रपट त्या महिन्यात प्रदर्शित झाला, आणि मालिकेचा शेवट म्हणूनच तो लोकांपुढे आणला गेला. त्याचे नाव ‘द फायनल रेकनिंग’. ‘रेकनिंग’ या शब्दाचा एक अर्थ हिशेब असाच आहे. भारतात तो १७ मे रोजी, म्हणजे खुद्द अमेरिकेच्याही सहा दिवस आधी लागला. आणि इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतूनही लागला. मालिकेचे जुने चाहते मात्र तो पाहून एकमताने बाहेर पडले नाहीत. कुणी डोळे पुसले, तर कुणी घड्याळ पाहिले. असे का झाले, ते आज पाहू. हे सांगताना चित्रपटाचा शेवटही सांगावा लागणार, तेव्हा ज्यांना तो अजून पाहायचा असेल त्यांनी आधीच क्षमा करावी.

ही मालिका मुळात चित्रपटांची नव्हे. अमेरिकेत १९६६ साली ब्रूस गेलर यांनी दूरचित्रवाणीसाठी ती सुरू केली, आणि १९७३ पर्यंत ती चालली. १९८८ ते १९९० या काळात ती पुन्हा एकदा दाखवली गेली. तिचा साचा ठरलेला असे. हेरपथकाच्या प्रमुखाला ध्वनिफितीवरून कामगिरी कळायची, तुम्ही पकडले गेलात तर सरकार तुम्हाला ओळख देणार नाही अशी ताकीद मिळायची, आणि मग ती फीत आपोआप धूर होऊन नष्ट व्हायची. पुढे प्रत्येकाने आपापले काम चोख करायचे. या पथकाचा बरीच वर्षे प्रमुख होता जिम फेल्प्स. पीटर ग्रेव्ह्‌ज या नटाने वठवलेला हा शांत, सज्जन माणूस लोकांना घरच्यासारखा वाटे.

१९९६ साली ब्रायन डी पाल्मा यांनी यावर पहिला चित्रपट काढला. टॉम क्रूझ त्यात ईथन हंट या तरुण हेराच्या भूमिकेत आला. आणि खलनायक कोण निघावा? तर जिम फेल्प्स! ज्याच्यावर लोकांनी इतकी वर्षे विश्वास ठेवला, तोच देशद्रोही आणि आपल्या साथीदारांचा घात करणारा निघाला. जुन्या प्रेक्षकांना हे फार लागले. मूळ मालिकेतल्या काही नटांनीही नापसंती बोलून दाखवली. चित्रपट चालला खूप. पण पहिल्याच भागात एका पिढीच्या वहीत बाकी लिहिली गेली.

त्यानंतर नवी पिढी आली. २०००, २००६, २०११, २०१५, २०१८, २०२३ आणि २०२५ असे एकूण आठ चित्रपट एकोणतीस वर्षांत झाले. २०११ च्या चौथ्या चित्रपटात कथेचा अखेरचा भाग मुंबईत घडतो आणि आपला अनिल कपूर त्यात दिसतो, हे पुष्कळांना आठवत असेल. या सर्व चित्रपटांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे लालो शिफ्रिन यांनी १९६६ साली बांधलेली धून. तिचा ठेका पाच मात्रांचा. दुपटीत मोजला तर दहा मात्रा भरतात, परंतु आपल्या झपतालासारख्या दोन-तीन-दोन-तीन अशा नव्हेत, तर तीन-तीन-दोन-दोन अशा. म्हणून ती धून सदा पुढे धाव घेते असे वाटते. शिफ्रिन हे जून २०२५ मध्ये, चित्रपट लागल्यानंतर काही आठवड्यांतच, निवर्तले.

दुसरी गोष्ट म्हणजे टॉम क्रूझ याचे अंगावर झेललेले धाडस. दुबईच्या बुर्ज खलिफा या जगातल्या सर्वांत उंच इमारतीवर तो स्वतः चढला. सहाव्या चित्रपटाच्या वेळी एका गच्चीवरून दुसरीवर उडी मारताना त्याचा घोटा मोडला. आपल्याला दाखवतात ते या माणसाने खरोखर केले आहे, हा भरवसा प्रेक्षकाला बसला. फसवणुकीचीच कथा सांगणाऱ्या मालिकेने लोकांचा विश्वास मिळवला तो असा.

आता शेवटच्या भागाकडे वळू. यात शत्रू आहे एक यांत्रिक बुद्धी. ती जगाची अण्वस्त्रे ताब्यात घेऊ पाहते. तिचा मूळ गाभा आहे बर्फाळ समुद्राच्या तळाशी बुडालेल्या ‘सेव्हास्तोपोल’ या रशियन पाणबुडीत. ईथन एकटा त्या पाणबुडीत उतरतो. शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या आकाशात तो दोन पंखी जुन्या विमानांना लोंबकळत शत्रूचा पाठलाग करतो. या दोन प्रसंगांबद्दल चाहत्यांत फारसे दुमत नव्हते. पाणबुडीचा प्रसंग जवळजवळ निःशब्द आहे. कूस बदलणारी पाणबुडी, घरंगळणारी अवजड अस्त्रे आणि एक माणूस. बोलपटाने बोलणे थांबवले की किती सांगता येते, याचा तो नमुना आहे.

तक्रार झाली ती पहिल्या तासाबद्दल. चित्रपट सुमारे पावणेतीन तासांचा, आणि त्याचा बराचसा आरंभ मागच्या चित्रपटांतली दृश्ये पुन्हा दाखवण्यात व संकट समजावून सांगण्यात गेला आहे. याला कारणही आहे. आधीच्या भागाचे चित्रीकरण २०२० साली करोनाच्या साथीने अडले आणि या भागाचे २०२३ साली हॉलिवूडमधल्या नटांच्या संपाने. इतक्या खंडानंतर लोक गोष्ट विसरले असतील, अशी धास्ती निर्मात्यांना वाटली असावी. पण जे चाहते या भागाची वाट पाहत होते, त्यांना तर सगळे तोंडपाठ होते. ज्याचे पाढे पाठ आहेत, त्याला पुन्हा बे एके बे पासून म्हणायला लावले तर तो चुळबुळ करणारच. वर्गात निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसवून शिकवणाऱ्या शिक्षकांना ही अडचण निराळी सांगायला नको.

दुसरा वाद झाला तो जुने धागे जोडण्यावरून. २००६ च्या तिसऱ्या चित्रपटात ‘सशाचा पाय’ नावाची एक भयंकर वस्तू होती. ती नेमकी काय, हे तेव्हा मुद्दामच सांगितले नव्हते. या भागात कळते की, त्या यांत्रिक बुद्धीचा उगम तिच्यातच होता. कुणाला हा जोड आवडला, तर कुणी म्हणाले की झाकली मूठ झाकलीच बरी होती. तसेच ईथनच्या मागावर असलेला एक अधिकारी हा त्या देशद्रोही जिम फेल्प्सचा मुलगा निघतो. शेवटी दोघे हात मिळवतात. १९९६ ची बाकी फेडण्याचा हा प्रयत्न होता; पण ती बाकी बापाच्या अब्रूची होती, आणि ती मुलाच्या हस्तांदोलनाने फिटली असे सर्वांना वाटले नाही.

तिसरी गोष्ट मृतांची. २०२३ च्या भागात इल्सा फाउस्ट ही हेर स्त्री व्हेनिसमध्ये मारली जाते. रेबेका फर्ग्युसन हिने ती भूमिका फार तोलाने केली होती, आणि ती मेली नसावी अशी आशा पुष्कळ चाहते दोन वर्षे बाळगून होते. शेवटच्या भागात ती परतली नाहीच, आणि तिच्यासाठी कुणी नीट शोकही केला नाही, ही तक्रार फार ऐकू आली. उलट ल्यूथर स्टिकेल याचा मृत्यू लोकांनी मान्य केला. आठही चित्रपटांत दिसणारे असे हे दोघेच, ईथन आणि ल्यूथर. भुयारात बॉम्ब निकामी करताना ल्यूथर प्राण देतो. त्याला निरोप घ्यायला वेळ मिळतो, आणि त्याचा ध्वनिमुद्रित संदेश अखेरीस ईथनच्या कानी पडतो. दोघेही गेले, पण एकाचे सुतक पाळले गेले आणि दुसरीचे राहिले. प्रेक्षक रागावले ते यामुळे.

आणि आता सर्वांत लहान माणसाची गोष्ट. १९९६ च्या चित्रपटात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. ईथन दोरीला लटकून गुप्तहेर खात्याच्या बंदिस्त खोलीत छतातून उतरतो आणि एक यादी पळवतो. त्या खोलीत काम करणारा कारकून विल्यम डॉनलो. ईथनच्या साथीदारांनी त्याच्या कॉफीत औषध घातल्यामुळे तो बिचारा ओकाऱ्या काढत बाहेर धावत असतो. परत येऊन पाहतो, तो टेबलात एक सुरा रुतलेला! चोरी उघड झाल्यावर साहेब हुकूम सोडतात की, या माणसाला आजच्या आज अलास्काच्या रडार ठाण्यावर धाडा. प्रेक्षक हसले, आणि विसरले. गुन्हा दुसऱ्याचा, बदली याची. आडवळणाच्या गावी अशी शिक्षेची बदली म्हणजे काय, हे आपल्याकडे शिक्षकांना, तलाठ्यांना, पोलिसांना कुणी समजावून सांगायला नको.

शेवटच्या भागात हा डॉनलो पुन्हा भेटतो. नटही तोच, रॉल्फ सॅक्सन. फक्त केस पिकलेले. बेरिंग समुद्रातल्या एका ओसाड बेटावर तो राहतो. बुडालेल्या पाणबुडीचा नेमका ठावठिकाणा त्यानेच टिपलेला आणि डोक्यात साठवून ठेवलेला असतो. ज्याला नालायक ठरवून हाकलले, त्याच्या चोख कामावर आता जगाचे प्राण अवलंबून! ईथन त्याची क्षमा मागतो. डॉनलोच्या मनात मात्र कडवटपणा नाही. त्याच बेटामुळे आपल्याला बायको मिळाली, संसार झाला, असे तो सांगतो. तो सुरा त्याने जपून ठेवलेला असतो, आणि तो ईथनला परत करतो. पुढच्या कामगिरीतही तो आणि त्याची बायको टपीसा दोघे हातभार लावतात.

विमानाच्या पंखाला लटकलेल्या नायकाचे कौतुक झालेच. परंतु जुन्या चाहत्यांनी जिव्हाळ्याने काही सांगितले असेल, तर ते या कारकुनाबद्दल. एकोणतीस वर्षांपूर्वी आपण ज्याला हसलो, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे कुणीतरी लक्षात ठेवले होते, याचा तो आनंद होता. नायकाच्या प्रत्येक पराक्रमाची किंमत कुणीतरी लहान माणूस भरत असतो. सहसा गोष्ट त्याला मागे टाकून पुढे जाते. इथे गोष्ट परत फिरली आणि त्याच्या दारी गेली.

तुलनेसाठी दुसरी मालिका पाहा. जेम्स बाँड हा हेर १९६२ पासून पडद्यावर आहे. २०२१ सालच्या ‘नो टाइम टू डाय’ या चित्रपटात डॅनियल क्रेग याने रंगवलेला बाँड अखेरीस एका बेटावर मरण पत्करतो. बाँडला मारलेले पाहून कित्येक चाहते संतापले, कित्येक रडले. ईथन हंट मात्र शेवटी जिवंत राहतो; लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात साथीदारांकडे एकवार पाहतो आणि गर्दीत मिसळतो. इथेही काही म्हणाले, हा कसला शेवट! म्हणजे नायकाला मारला तरी बोल, राखला तरी बोल. तेव्हा शेवट साधला की फसला, हे नायकाच्या जगण्यामरण्यावरच ठरत नाही. ज्यांची ज्यांची नावे गोष्टीने घेतली, त्या सगळ्यांची तिने आठवण ठेवली की नाही, हेही पाहणारे मनातल्या मनात तपासत असतात.

शिक्षकबंधुभगिनींनी यातून वर्गापुरता एक उपयोग करून पाहावा. गोष्ट सांगून झाली की तात्पर्य विचारायच्या आधी मुलांना विचारावे : या गोष्टीत नायकाच्या करामतीने कुणाचे नुकसान झाले? राजपुत्र किल्ल्यातून निसटला. मग त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्या शिपायाचे पुढे काय झाले असेल? मुलांनी ते चार ओळींत लिहून आणावे. कोण त्याला फाशी देईल, कोण त्याला लांबच्या चौकीवर धाडील, आणि एखादी पोर त्याला तिथे घर बांधून देईल. ती चौथी ओळ वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी.