विलायतेची सोयरीक : आधी हिशेब, मग वरात

परदेशी नागरिकाशी निकाह झाला की व्हिसा आणि नोकरी दोन्ही हातात आल्या, असा समज आपल्या समाजात आजही पक्का आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील आपले पूर्वज ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून गेले, काही केपटाऊनला स्थायिक झाले. त्यामुळे समुद्रापलीकडची सोयरीक कोकणात नवलाची नाही. परंतु गेल्या काही वर्षांत ब्रिटनने नियम असे कडक केले आहेत की, मुलामुलीची पसंती झाल्यावर दोन्ही घरांनी कागद-पेन्सिल घेऊन बसणे अगत्याचे झाले आहे. आमच्या वाचकांसाठी त्या हिशेबाची मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

पूर्वीची अट, आताची अट

1997 पूर्वी ब्रिटनमध्ये एक जाचक नियम होता. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदारालाच सिद्ध करावे लागे. भारत, पाकिस्तान, बांगलादेशच्या असंख्य तरुणांचे अर्ज या एका मुद्द्यावर फेटाळले गेले. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर जून 1997 मध्ये तो नियम रद्द झाला. हेतूची परीक्षा संपली, पण पुढे खिशाची परीक्षा सुरू झाली. जुलै 2012 पासून तिकडच्या जोडीदाराची वार्षिक कमाई किमान 18,600 पौंड असण्याची अट आली आणि 11 एप्रिल 2024 पासून नव्या अर्जांसाठी ती 29,000 पौंड झाली.

हा आकडा किती मोठा आहे, ते पाहावे. एप्रिल 2025 मध्ये तेथील प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी 12.21 पौंड ठरले. त्या दराने आठवड्याला 40 तास याप्रमाणे वर्षभर काम केले तरी 25,400 पौंडांच्या आतच कमाई होत होती. म्हणजे गोदामात, दुकानात किंवा हॉटेलात किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्या ब्रिटिश नागरिकालाही केवळ त्या पगारावर आपला जोडीदार भारतातून नेता येत नाही. 2025 च्या त्या दराने त्याला आठवड्याला सुमारे 46 तास भरावे लागले असते. "मुलगा लंडनला कामाला आहे" एवढ्या वाक्यावर हुरळून जाणाऱ्या पालकांनी हे गणित आधी करावे.

कोणाचा पगार धरतात?

येथेच पुष्कळ घरे फसतात. अर्ज भारतातून होत असताना फक्त ब्रिटनच्या जोडीदाराचा पगार मोजला जातो. नवरदेव दुबईत किंवा कुवेतमध्ये कितीही कमावत असो, पहिल्या अर्जात त्याचा पगार मोजत नाहीत. तिकडची नोकरी एकाच मालकाकडे किमान 6 महिने झालेली असावी लागते. नोकरी त्याहून नवी असेल तर मागील 12 महिन्यांच्या कमाईचाही हिशेब द्यावा लागतो. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचा उतारा एकमेकांशी जुळले पाहिजेत. हातात रोख मिळणारा पगार कागदावर दिसत नाही, म्हणून तो कामी येत नाही. टॅक्सी किंवा टेकअवेचा स्वतःचा धंदा असेल, तर मागील पूर्ण आर्थिक वर्षाचे कराचे कागद लागतात. कर वाचविण्यासाठी उत्पन्न कमी दाखविणाऱ्याला ती बचत येथे महाग पडते.

कमाई कमी असल्यास बचतीचा मार्ग आहे. नियम असा : पहिले 16,000 पौंड धरत नाहीत आणि त्यावरील रक्कम कमी पडणाऱ्या कमाईच्या अडीचपट असावी लागते. कमाई मुळीच नसेल तर 88,500 पौंडांची शिल्लक दाखवावी लागते. ही बचत दोघांपैकी कोणाचीही चालते, पण ती 6 महिने ताब्यात असावी लागते. कर्जाऊ आणलेले पैसे चालत नाहीत. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून गोळा करून खात्यात भरलेल्या रकमेचा म्हणूनच काही उपयोग नाही.

एकूण खर्च

एप्रिल 2025 च्या दरांनी भारतातून करावयाच्या अर्जाची फी 1,938 पौंड होती. सरकारी आरोग्यसेवेचा आकार वर्षाला 1,035 पौंड. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा असतो आणि आरोग्यसेवेचे 3 वर्षांचे 3,105 पौंड आधीच भरून घेतात. पुढे 30 महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागते. तिची फी 1,321 आणि आरोग्यसेवेचे 2,587 पौंड 50 पेन्स. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज, त्याचे 3,029 पौंड. एकूण बेरीज सुमारे 12,000 पौंड होते. पौंड 100 रुपयांचा धरला तरी हे 12 लाख रुपये झाले. विमानाचे तिकीट, इंग्रजीची परीक्षा, मान्यताप्राप्त दवाखान्यातील क्षयरोगाची तपासणी आणि वकिलाची फी हा खर्च वेगळा. दर वरचेवर वाढतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ब्रिटनच्या गृहखात्याचा त्या दिवशीचा तक्ता स्वतः पाहावा, एजंटाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये.

हा 12 लाखांचा बोजा कोण उचलणार, हे सोयरीक ठरतानाच स्पष्ट बोलावे. मेहेर हा पत्नीचा हक्क आहे, व्हिसाची फी ही मेहेर होऊ शकत नाही. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम स्वतंत्र व स्वच्छ लिहून घ्यावी. परक्या मुलखात जाणाऱ्या मुलीच्या हाती तेवढीच स्वतःची ठेव असते.

निकाहाचे कागद

वर-वधू दोघेही 18 वर्षे पूर्ण केलेले आणि एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असावेत, असा नियम आहे. निकाह महाराष्ट्रात झाला तर निकाहनाम्यासोबत राज्याच्या 1998 च्या कायद्याखाली विवाह नोंदणीचा दाखलाही काढून घ्यावा. निकाह ब्रिटनमध्ये होणार असेल तर अधिक सावध राहावे. तेथे नोंदणी न करता केवळ काझींनी पढविलेला निकाह कायद्याने विवाह ठरत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2020 साली असाच निर्णय दिला आहे. पहिला विवाह तेथे कायदेशीर झालेला असेल, तर तेथल्या तोंडी तलाकने तो संपत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. मुलाचे आधीचे लग्न झाले असल्यास हा हुकूम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये.

काहीजण घाईने पर्यटक व्हिसावर जातात. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि तेथे राहून त्याचा जोडीदाराचा व्हिसाही करून मिळत नाही. वाग्दत्त वर-वधूसाठी 6 महिन्यांचा वेगळा व्हिसा आहे, त्यावरही काम करण्यास बंदी आहे. निकाह करून जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्यास मात्र पहिल्या दिवसापासून नोकरी वा धंदा करता येतो. मालकाचे वा विशिष्ट कामाचे बंधन नाही. सरकारी आर्थिक मदत मिळत नाही, एवढी अट आहे.

तेथे पोहोचल्यावर

आमच्या मते खरा मुद्दा येथे आहे. अडीच वर्षांनी मुदतवाढीच्या वेळी दोघांचाही ब्रिटनमधील पगार धरला जातो. म्हणजे नव्याने गेलेल्या सुनेने किंवा जावयाने नोकरी धरली, तर त्या घराचा मुक्काम एकाच पगारावर टांगलेला राहत नाही. जोडीदाराची नोकरी सुटली, आजारपण आले, धंदा बसला, तर दुसऱ्याचा पगार घर सावरतो. "आमच्या सुना नोकरी करीत नाहीत" असे सांगणाऱ्या घरात मुलगी देताना, मुदतवाढीच्या वेळी कमाई कोठून दाखविणार, हे नम्रपणे पण जरूर विचारावे. तसेच बायकोच्या पगारावर विलायतेस जाणाऱ्या तरुणानेही त्यात कमीपणा मानू नये. आपली मुलगी तिकडे कमावते म्हणूनच हा जावई जाऊ शकतो, हे दोन्ही घरांनी उघडपणे मान्य केले तर पुढचे रुसवेफुगवे टळतील.

कामाची तयारी येथूनच सुरू करावी. भारतीय पदव्यांची तेथील बरोबरी सांगणारे पत्र 'एक्टिस' ही संस्था देते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांना तेथील संबंधित परिषदेची नोंदणी घेतल्याशिवाय काम करता येत नाही आणि तिला वेळ लागतो. भारतीय वाहन परवाना तेथे 12 महिने चालतो, पुढे तेथील चाचणी द्यावी लागते. ड्रायव्हिंगवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. इंग्रजीची पहिली परीक्षा सोपी असते, पण मुदतवाढीला वरची आणि कायम वास्तव्याला त्याहून वरची पातळी लागते. सोबत ब्रिटनच्या जीवनाविषयी 24 प्रश्नांची परीक्षा असते, तीत 18 उत्तरे बरोबर यावी लागतात. घरात उर्दू, मराठी आणि कोकणीतच दिवस काढणाऱ्या सुनेला ही पायरी जड जाते. सासरच्यांनी तिला वर्गाला पाठवावे, ते त्यांच्याच फायद्याचे आहे.

नवे बँक खाते स्वतःच्या नावे उघडावे. पासपोर्ट, निकाहनामा आणि व्हिसाचे कागद स्वतःजवळ ठेवावेत, प्रती माहेरी ठेवाव्यात. घरात मारहाण वा छळ झाला तर देश सोडावा लागेल या भीतीने गप्प बसू नये. अशा पीडित जोडीदारास कायम वास्तव्याचा स्वतंत्र अर्ज करता येतो आणि तोवर 3 महिने सरकारी मदतीची सवलतही मागता येते. भारतातून तक्रार करण्यासाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष 2009 पासून आहे.

मागे राहिलेली मालमत्ता

परदेशी स्थायिक झाल्यावर येथील साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते. तिकडची कमाई पाठविण्यासाठी 'एनआरई' खाते आहे. अनिवासी झाल्यावर शेतजमीन किंवा आंब्याची बाग विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, मात्र विकताना गिऱ्हाईक भारतात राहणारेच लागते. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यास भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यानंतर 'ओसीआय' कार्ड काढून येणे-जाणे ठेवता येते, मतदानाचा हक्क मात्र राहत नाही.

धंद्यात भागीदारी करताना आपण समोरच्याच्या वह्या पाहतो आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. तीच रीत या सोयरिकीत पाळावी. पगाराच्या स्लिपा, नोकरीचे पत्र, आधीच्या विवाहाचा निकाल लागल्याचा हुकूम आणि खर्चाची वाटणी या चार गोष्टी मंगनीपूर्वी मागाव्यात आणि आपल्या बाजूनेही खरी माहिती द्यावी. ज्या घराला हे कागद दाखविणे जड वाटते, तेथे मुलगी किंवा मुलगा देण्याची घाई करू नये.