बाराव्या हप्त्याचा हिशोब

लगीनसराई जवळ आली की आपल्या कुरुंद्यात सोन्याच्या भिशीचा विषय निघतोच. दुकानदार सांगतो, अकरा महिने हजार-हजार भरा, बारावा हप्ता आमच्याकडून. नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस! पण दागिना घेऊन निघताना बाईचा चेहरा उतरलेला असतो. असं का होतं, ते आज बघू.

तुमचे ११,००० आणि दुकानाचे १,०००, असे १२,००० जमले. आता १०,००० रुपयांचं सोनं निवडलं. घडणावळ १५ टक्के लावली, म्हणजे १,५०० वाढले. वर ३ टक्के जीएसटी, ३४५ रुपये. बिल झालं ११,८४५. तेवढंच सोनं घ्यायला रोख पैसे घेऊन गेलात आणि घासाघीस करून घडणावळ ८ टक्क्यांवर आणली, तर बिल होतं ११,१२४. म्हणजे हजाराच्या बक्षिसातले ७२१ रुपये घडणावळीतच गेले की! भाजी घेताना दोन रुपयांसाठी भांडणाऱ्या आपण, इथं गप्प बसतो. कारण पैसे आधीच दुकानात अडकलेले असतात.

बरं, हप्ते अकराच का? कंपनी कायद्याच्या २०१४च्या नियमांप्रमाणे, मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही, तर ती ठेव धरली जाते आणि ठेवींचे कडक नियम लागतात. म्हणून वर्षाच्या आत दागिना घ्यायला लावतात. रोख परत मागितली तर बक्षीस बुडतं.

गटाचे पैसे बँकेत असतात, तिथं ५ लाखांपर्यंत विमा असतो. दुकानातल्या हप्त्यांना तो नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सची ठाणे-डोंबिवलीकडची दुकानं अचानक बंद झाली. महिन्याला हप्ता भरणाऱ्या कितीतरी घरांचे पैसे अडकले.

भिशी लावायचीच असेल, तर पहिल्या हप्त्याआधी विचारा: घडणावळ किती टक्के? भाव कोणत्या दिवसाचा? एक हप्ता चुकला तर काय? उत्तर कार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, म्हणून कार्ड आणि पावत्या दागिना हातात आल्यावरही टाकू नका.