'शेड'ची फारकत

'लोडशेडिंग' हा शब्द महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. सरकारी कागदावर 'भारनियमन' असते. पण पंपाला वीज दिवसा मिळणार की रात्री, याची चौकशी करणारा शेतकरी 'लोडशेडिंग'च म्हणतो. यातली 'शेड' म्हणजे कोंबड्यांची किंवा यंत्रमागाची शेड नव्हे. छपराच्या त्या शेडचे नाते बहुधा सावलीसाठीच्या इंग्रजी शब्दाशी आहे. लोडशेडिंगमधले 'शेड' हे क्रियापद आहे, हजार वर्षांहून जुने. त्याचा पहिला अर्थ वेगळे करणे, दुभागणे.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'शेआडन' असे काहीसे होते. त्याचे जर्मन भावंड 'शायडन' आजही वेगळे होणे याच अर्थाने वापरात आहे. त्यावरूनच जर्मनमध्ये घटस्फोटाला 'शायडुंग' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ या कुळाची मुळे कापणे, चिरणे या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात. संस्कृत 'छिद्' त्याच धातूतून आला. म्हणजे आपले छेद, छिद्र आणि विच्छेद हे 'शेड'चे दूरचे नातलग ठरतात.

इंग्रजीत हा मूळ अर्थ टिकला तो मुख्यतः हाताने काम करणाऱ्यांच्या बोलीत. स्कॉटलंडच्या बोलीत केसांच्या भांगाला 'शेड' म्हणतात. ब्रिटनमधल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या स्पर्धांत 'शेडिंग' ही एक परीक्षाच असते : आखलेल्या वर्तुळात मेंढपाळ आणि कुत्रा यांनी मिळून कळपातून ठरावीक मेंढ्या अलग काढायच्या. अशा स्पर्धा तिथे 1873पासून, वेल्समधल्या बाला गावापासून, सुरू आहेत. मागावरही हा शब्द आहे. उभ्या धाग्यांपैकी काही वर उचलले आणि काही खाली राहिले की मध्ये जी फट पडते, ती 'शेड'. तिच्यातून धोटा जातो आणि आडवा धागा पडतो. धागे असे दुभागल्याशिवाय कापड विणलेच जात नाही.

रोजच्या इंग्रजीत मात्र शब्द पुढे सरकला. वेगळे केलेले विखुरते, विखुरलेले सांडते, आणि सांडले ते अंगापासून सुटते. मध्ययुगातच 'शेड'ला रक्त सांडण्याचा आणि अश्रू ढाळण्याचा अर्थ चिकटला. पुढे साप कात टाकतो, झाडाची पाने गळतात, दिवा प्रकाश टाकतो, या सगळ्यांसाठी इंग्रजीला हेच एक क्रियापद पुरले. मराठीत मात्र त्यांसाठी सांडणे, ढाळणे, टाकणे, गळणे अशी वेगवेगळी क्रियापदे लागतात. करोनासारख्या आजारात बाधित माणसाच्या शरीरातून विषाणू बाहेर पडतात, त्यालाही वैद्यकशास्त्र 'शेडिंग'च म्हणते.

या शब्दाचा आपल्या मातीशी सर्वांत जवळचा संबंध 'वॉटरशेड'मध्ये येतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजीत आला, बहुधा जर्मन 'वासरशायडं'च्या धर्तीवर. अर्थ, पाणी दुभागणारी रेषा. सह्याद्रीचा माथा ही तशीच रेषा आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला निघते आणि बंगालच्या उपसागराला मिळते; त्याच डोंगरांतून वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्रात जाते. अमेरिकेत मात्र 'वॉटरशेड' म्हणजे ती रेषा न राहता तिच्या आतले सगळे खोरे झाले. मराठीत रेषेला जलविभाजक आणि खोऱ्याला पाणलोट क्षेत्र असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून इथे गोंधळ होत नाही. पाणलोट विकासाचे काम 'माथा ते पायथा' करायचे, हे सूत्र गावोगावी सांगितले जाते. पाणी जिथे दुभागते तिथून सुरुवात करा, हाच त्याचा अर्थ. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर प्रौढांसाठीचे कार्यक्रम ज्या वेळेनंतर दाखवता येतात, त्या रात्री नऊच्या वेळेलाही 'वॉटरशेड' म्हणतात. तिथे दुभागली जाते ती वेळ.

आता लोडशेडिंग. आपल्या ग्रीडची वारंवारिता 50 हर्ट्झ ठेवावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जनित्रांचा वेग मंदावतो आणि वारंवारिता घसरते. ती फार घसरली तर जनित्रे स्वतःच्या बचावासाठी एकापाठोपाठ एक बंद पडतात आणि सगळा प्रदेश अंधारात जातो. ते टाळण्यासाठी काही फीडर तोडून भार अलग करायचा, हे लोडशेडिंग. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी ग्रीड कोसळण्याचा अनुभव देशाने घेतला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड बंद पडले आणि 60 कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. पश्चिम ग्रीड त्यांच्यापासून तुटून वेगळे झाले, म्हणून ते तगले आणि महाराष्ट्रातले दिवे चालू राहिले. 'भारनियमन' या शब्दात नियम दिसतो, तोडणे दिसत नाही. ज्याच्या घरची वीज तोडली गेली त्याने 'लोडशेडिंग' हाच शब्द उचलला, आणि अर्थाच्या दृष्टीने तोच जास्त खरा आहे.

हा सगळा प्रवास एकच गोष्ट दाखवतो. शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जातो, पण जिवंत राहतो तो कामात. मेंढपाळ आणि विणकर यांचे काम चालू राहिले म्हणून 'शेड'चा सर्वांत जुना अर्थ वाचला. आपल्याकडेही धनगरांच्या वाड्यावर, कोष्ट्यांच्या आणि साळ्यांच्या मागांवर, पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्यांच्या तोंडी असे शब्द आहेत. हातमाग बंद पडला की त्याचे शब्दही बोलण्यातून जातात. तुमच्या ओळखीत असे काम केलेले कुणी वडीलधारे असतील, तर त्यांच्यापाशी बसा आणि प्रत्येक अवजाराचे, प्रत्येक हालचालीचे नाव विचारून लिहून घ्या. ही नोंद आत्ताच करायला हवी, कारण ती सांगू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत.