पॉलिस्टायरीनचा फेस : उष्णतानिरोधन आणि अग्नी

गणेशोत्सवातील मखरांमुळे महाराष्ट्रात घरोघर परिचित झालेला आणि मार्च २०१८ मधील राज्यशासनाच्या अधिसूचनेने ज्याच्या शोभेच्या वस्तूंवर बंदी आली, तो थर्माकोल म्हणजे प्रसरित पॉलिस्टायरीन होय. मखराचा विषय आपण येथे सोडून देऊ. भिंती, छते आणि शीतगृहे यांत उष्णतानिरोधक म्हणून याच पदार्थाचा जगभर फार मोठा वापर होतो. आणि तेथे तो आगीत कसा वागतो, हा प्रश्न स्थापत्य व रसायन या दोन्ही शाखांच्या अभ्यासकांनी नीट समजून घेण्याजोगा आहे.

पेंटेन सामावलेले पॉलिस्टायरीनचे बारीक मणी वाफेने तापविले असता त्यांचे आकारमान सुमारे चाळीस ते पन्नास पट वाढते. पुढे साच्यात ते एकमेकांस चिकटून ठोकळा बनतो. या ठोकळ्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग हवाच असतो. कोंडलेली हवा हीच खरी निरोधक. बहुवारिक हे तिला जागच्या जागी धरून ठेवणारे पातळ कवच. दुसरा प्रकार निःसारित फेसाचा. तो यंत्रातून सलग पट्टीच्या रूपाने बाहेर काढतात आणि त्यात पाणी फारसे शिरत नाही, म्हणून तळघरे व गच्च्या यांसाठी तो पसंत केला जातो. नॉर्वेमध्ये १९७२ साली मऊ जमिनीवरील रस्त्याच्या भरावात या फेसाचे ठोकळे वापरण्यात आले. अशा जागी, काम पुरे झाल्यावर, ठोकळे मातीकाँक्रीटखाली झाकले जातात आणि आगीचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. प्रश्न उभा राहतो तो भिंतीवर आणि छताखाली.

सुमारे १०० अंश सेल्सिअसला हा फेस मऊ पडून आक्रसतो, नंतर वितळतो. साधारण ३५० अंशांच्या आसपास त्यातून निघणारी वाफ ठिणगीने पेट घेते. जळताना दाट काळा धूर निघतो आणि पेटते थेंब खाली पडतात. ज्वलनोष्मा प्रत्येक किलोग्रॅमला सुमारे ४० मेगॅज्यूल, म्हणजे लाकडाच्या दुपटीहून अधिक. येथे पदार्थाचा कैवार घेणारे म्हणतात की फेस हलका आहे, त्यात जळण्यासारखे आहेच किती? हिशेब करून पाहू. घनमीटरला २० किलोग्रॅम घनतेची, १०० मिलिमीटर जाडीची पाटी घेतल्यास एका चौरस मीटरमध्ये दोन किलोग्रॅम, म्हणजे ८० मेगॅज्यूल. ही उष्णता पाच किलोग्रॅमहून थोड्या कमी लाकडाइतकीच. युक्तिवाद खोटा नाही. परंतु ५०० चौरस मीटरच्या भिंतीवर तोच फेस एक टन भरतो. शिवाय लाकूड पृष्ठभागावर कोळशाचा थर धरून हळूहळू जळते. फेस तसे संरक्षण मुळीच धरत नाही. एकूण उष्णतेपेक्षा ती किती वेगाने बाहेर पडते, हेच आगीत निर्णायक ठरते.

परीक्षेची पद्धतही कशी फसवू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. लहानशी पट्टी आडवी ठेवून तिच्या टोकाशी ज्योत धरावयाची, अशी एक प्रमाणित चाचणी प्रचलित होती. फेस ज्योतीपासून आक्रसून दूर जातो आणि आग विझल्यासारखी दिसते. या बळावर फेसाळ प्लॅस्टिके ‘स्वयंशामक’ म्हणून विकली जात. फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये या उद्योगाविरुद्ध तक्रार दाखल केली आणि १९७४ मध्ये तडजोडीने असे शब्द वापरणे थांबले. भरपूर उष्णतेच्या खऱ्या आगीत आक्रसण्यास जागाच कोठे असते? प्रस्तुत लेखकाच्या मते एका शब्दाने केलेले हे नुकसान पदार्थाच्या दोषाहून लहान नव्हते.

११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर इमारतीवरील उन्नत रस्त्याच्या सांध्याचे वेल्डिंग चालू असताना तप्त कण सांध्यातून खाली, छताच्या पोकळीत पडले. तेथे पॉलिस्टायरीनचे निरोधन होते. आग काही काळ पोकळीतच दडून पसरली आणि मग एकाएकी खाली उतरली. १७ माणसे दगावली, बहुतेक धुराने. त्यांत लिफ्टमध्ये व वरच्या प्रतीक्षाकक्षात अडकलेले होते. फेस उघडा, पोकळी अखंड आणि वर वेल्डिंग : या तिहींपैकी एक जरी नसते तरी अनर्थाचे स्वरूप निराळे झाले असते.

उपाय याच विचारातून निघतात. फेसावर गिलाव्याचे सलग आवरण हवे, कडा व छिद्रे उघडी नकोत. जर्मनीत १०० मिलिमीटरहून जाड फेस बाह्यभिंतीवर लावल्यास खिडक्यांच्या माथ्यावर किंवा दर दोन मजल्यांनंतर खनिज लोकरीचा न जळणारा आडवा पट्टा घालावा लागतो. भिंतीलगत ठेवलेल्या कचरापेट्या पेटूनही आगी लागल्यामुळे पायथ्याकडेही पुढे अधिक लक्ष देण्यात आले. बांधकाम चालू असताना, गिलावा होण्यापूर्वी, धोका सर्वांत अधिक असतो.

ज्वलनरोधक म्हणून फेसात दीर्घकाळ मिसळले जाणारे हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन हे ब्रोमीनयुक्त संयुग निसर्गात टिकून राहते व प्राण्यांच्या शरीरात साठते, म्हणून २०१३ मध्ये स्टॉकहोम करारान्वये त्यावर बंदी ठरली. इमारतींतील फेसापुरती काही मुदतीची सवलत होती. त्याची जागा आता ब्रोमीनयुक्त बहुवारिकाने घेतली आहे. जुन्या भिंती पाडताना निघणारा फेस मात्र त्या जुन्या संयुगासह बाहेर येतो आणि त्याचा पुनर्वापर सरसकट करता येत नाही.